परकी नाम आणि मराठी विभक्ती

मराठी लेखनात इंग्रजी नामे यावीत की न यावीत, हा वाद जुना आहे. आणि तो बहुधा भलत्याच जागी लढविला जातो. एक पक्ष परकी शब्द दिसताच सोवळे सावरतो. दुसरा ओठावर येईल ते कागदावर उतरवून त्यासच स्वाभाविकपणा म्हणतो. शब्द कोठून आला, एवढेच दोघेही पाहतात. वाक्यात आल्यावर तो वागतो कसा, हे कोणी पाहत नाही. आमच्या मते खरी परीक्षा तेथेच आहे.

'तिकीट' हा शब्द घ्या. विभक्तीचा प्रत्यय लागताच त्यातील 'की' ऱ्हस्व होऊन 'तिकिटाला' असे रूप होते. 'जमीन' या शब्दाचे 'जमिनीला' व्हावे, अगदी तसेच. हे वळण त्यास पंडितांनी लावले नाही. बोलणाऱ्यांच्या जिभेने लावले. 'बोट' या शब्दाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. हाताचे बोट आपल्याकडे नपुंसकलिंगी होतेच. पाण्यावरची बोट आली ती होडी आणि नौका यांच्या पंक्तीस बसून स्त्रीलिंगी झाली. त्यामुळे काटा 'बोटात' शिरतो आणि उतारू 'बोटीत' चढतात. उच्चार एक असूनही घोटाळा म्हणून होत नाही. 'मास्तर' आला, त्यास 'मास्तरीण' मिळाली आणि 'मास्तरकी'ही. शहाण्याने ज्याची पायरी चढू नये असे म्हण सांगते, ते तर 'कोर्ट'च होय.

अशा शब्दांस हाकलून देण्याचा आग्रह व्यर्थ आहे. शिवछत्रपतींच्या काळी 'राज्यव्यवहारकोश' रचून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. ते कार्य थोर खरे, तथापि 'कागद', 'बाजार', 'शहर' हे शब्द आपल्या जागी राहिलेच. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' रुजले, हा भाषेचा लाभच झाला. परंतु त्यासाठी 'तिकिटा'ने घर सोडावे, असे नाही.

मात्र दुसऱ्या पक्षाचा अपराध अधिक गंभीर आहे. 'डॉक्टरांनी' हे सरळ रूप हाताशी असता 'डॉक्टर्सनी' असे लिहिले जाते. एकाच शब्दात अनेकवचन एका भाषेचे आणि विभक्ती दुसरीची! 'फायलींत' न लिहिता 'फाइल्समध्ये' लिहिले जाते. जी लेखणी 'बँकेत' असे बिनचूक लिहिते, तीच पुढच्या ओळीत 'कॉलेजमध्ये' लिहिते; 'कॉलेजात' म्हणावयास तिला संकोच वाटतो. 'मध्ये' हाही मराठीच शब्द ना, असे कोणी म्हणेल. होय; परंतु त्याच्या पूर्वीही नामाचे सामान्यरूप व्हावे लागते. आपण 'घरामध्ये' म्हणतो, 'घरमध्ये' म्हणत नाही.

सामान्यरूप हा मराठीचा कणा आहे. पाहुण्या शब्दांस त्यातून सूट देण्याची सवय जडली, की ती पाहुण्यांपाशीच थांबेल याची हमी कोणी द्यावी? जाहिरातींतून 'पुण्यात' याऐवजी 'पुणेमध्ये' असे आजच वाचावयास मिळते. पुणे काही विलायतेहून आलेले नाही.

म्हणून लेखकाने शब्दाचे कूळ विचारण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गरज: 'वडील' असताना 'फादर' लिहिणे ही केवळ मिरवणूक होय. दुसरी, वळण: नामास लिंग द्यावे, वाकेल तेथे वाकवावे. 'कॅमेरा' हा शब्द 'कॅमेऱ्यात' असा सहज वाकतो. 'रेडिओ' वाकत नाही, तर 'रेडिओवर' असेच लिहावे. कान येथे उत्तम न्यायाधीश आहे. आणि ज्यास आपण एकदा घरात घेतले, त्याच्याभोवती अवतरणचिन्हांचे रिंगण आखून त्यास निराळ्या पानावर बसवू नये. आम्ही येथे ती चिन्हे वापरली, ती केवळ चर्चेच्या सोयीसाठी. तिकीट काढताना कोणीच ती वापरीत नाही.