अध्यापनशैली आणि शारीरिक कौशल्य : मॉस्टनप्रणीत वर्गीकरणाचे परीक्षण

शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनाविषयी जे विचारमंथन गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे, त्यावर मस्का मॉस्टन यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचिंग फिजिकल एज्युकेशन’ या ग्रंथाची छाप स्पष्ट आहे. त्यातील मूलतत्त्व साधे आहे. अध्यापन ही निर्णयांची साखळी होय. पाठापूर्वीचे, पाठ चालू असतानाचे व पाठानंतरच्या मूल्यमापनाचे निर्णय शिक्षक घेतो की विद्यार्थी, यावरून अध्यापनाची शैली ठरते. एका टोकास सर्व निर्णय शिक्षकाच्या हाती ठेवणारी आज्ञाशैली, तर दुसऱ्या टोकास विद्यार्थ्यास स्वतः शोध घ्यावयास लावणाऱ्या शैली, अशी ही मांडणी आहे. हे वर्गीकरण वर्गातील अधिकाराच्या वाटणीचे वर्णन उत्तम करते. परंतु विद्यार्थ्याच्या देहात कौशल्य कसे उतरते, याचा उलगडा त्यातून होत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम या विचाराचे श्रेय मान्य केले पाहिजे. मॉस्टन यांचा तिरप्या दोरीचा दाखला सुप्रसिद्ध आहे. उंच उडीसाठी दोरी समपातळीत बांधली, तर उंची वाढेल तसतशी मुले बाद होत जातात. म्हणजे ज्यांना सरावाची गरज अधिक, त्यांनाच तो कमी मिळतो. तीच दोरी तिरपी बांधली की प्रत्येकास आपल्या शक्तीनुसार जागा निवडता येते. निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न केवळ शिस्तीचा नसून सरावाच्या संधीचाही आहे, हे या दाखल्याने सिद्ध होते.

तथापि, शैली बदलली म्हणजे कौशल्यातही त्या प्रमाणात फरक पडतो, असे मात्र म्हणता येत नाही. १९८२ साली मायकेल गोल्डबर्गर व त्यांचे सहकारी यांनी पाचव्या इयत्तेतील मुलांवर सराव, अन्योन्य व समावेशक या तीन शैलींचा प्रयोग केला. तिन्हींमुळे कौशल्यात प्रगती झाली. अन्योन्य शैलीचा विशेष गुण दिसला तो मुलांच्या परस्परव्यवहारात. पुढे सारा ॲशवर्थ यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या आवृत्त्यांत कोणतीही शैली स्वभावतः श्रेष्ठ नव्हे, प्रत्येकीचे प्रयोजन वेगळे, अशी भूमिका घेतली गेली, ती योग्यच होय. मग कौशल्यातील फरकाचे कारण अन्यत्र शोधणे प्राप्त होते.

एक कारण सरावाच्या क्रमात आहे. १९७९ साली शे व मॉर्गन यांनी लाकडी अडथळे ठराविक क्रमाने पाडण्याची तीन कामे विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. एकेक काम सलग गिरवणारा गट सरावाच्या वेळी सरस ठरला. परंतु दहा मिनिटांनी व पुन्हा दहा दिवसांनी घेतलेल्या चाचण्यांत, कामे सरमिसळ करणारा गट पुढे गेला. तासाच्या अखेरीस दिसणारे नैपुण्य व अंगी मुरलेले कौशल्य या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या परीक्षणात केवळ पहिलीचे मापन होते, ते पद्धतीच्या गुणदोषांविषयी दिशाभूल करू शकते.

दुसरे कारण शिक्षकाच्या भाषेत आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. १९९८ साली गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरील घसरणीच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. एका गटास पायावर लक्ष देण्यास सांगितले, दुसऱ्यास पायाखालच्या चाकांवर. अंतर अवघ्या काही अंगुळांचे. तरीही दुसरा गट सरस ठरला. मराठी शिक्षकाची ‘गुडघा वर घे’ आणि ‘जमीन मागे ढकल’ ही दोन वाक्ये या दृष्टीने पाहावीत. दोन्ही आज्ञार्थी आहेत. दोन्हींत निर्णय शिक्षकाचाच आहे. मॉस्टन यांच्या पट्टीवर त्यांचे स्थान एकच. भेद आहे तो कर्माचा : एकात कर्म देहाचा अवयव, दुसऱ्यात देहाबाहेरची वस्तू. उलट, ‘तुझा गुडघा कोठे होता?’ हा प्रश्न शोधशैलीतला असूनही लक्ष पुन्हा देहाकडेच वळवितो.

हा नियम सरसकट लावता येईल असे नव्हे. मल्लखांबात देहाची ठेवण हेच साध्य असते. तरीही तेथे ‘मांड्या आवळ’ याऐवजी ‘मांड्यांनी खांब आवळ’ असे म्हणता येते. अवयव तृतीयेत जातो आणि कर्म खांब होतो. या रूपांतराचा परिणाम प्रयोगाने तपासण्याजोगा आहे. कवायतीत तर आज्ञाशैलीच समर्पक. ‘दाहिने – मुड’ या आज्ञेचा पूर्वभाग सावध करतो, उत्तरभाग क्रिया घडवितो. सर्वांनी एकाच क्षणी वळणे हेच तेथील उद्दिष्ट आहे.

यावरून संशोधकांस काही पथ्ये सुचतात. पाठटाचणावर शैलीचे नाव लिहिल्याने पद्धतीचे वर्णन पुरे होत नाही. शिक्षकाने प्रत्यक्ष उच्चारलेली वाक्ये व सरावाचा क्रम यांची नोंद हवी, आणि मापन काही दिवसांनी पुन्हा व्हावयास हवे. तोपर्यंत एखादे मूल ‘अंगाने जड’ म्हणून मागे टाकले गेले, तर दोष त्याच्या अंगाचा की त्यास दिलेल्या वाक्याचा, याचा निर्णय झालेला नसतो. शिक्षा मात्र मूलच भोगते.