हातचा न धरता

घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावापासून जवळच, जांब आहे. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक पद्यपत्र मराठी घरांत अजून कौतुकानं दाखवलं जातं. सरळ वाचलं तर उपदेश. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेत खाली उतरलं, तर ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ हा इशारा. परंपरा ते अफझलखानाच्या १६५९च्या स्वारीशी जोडते. ते समर्थांचंच आहे हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण रचना म्हणून ते पाहण्यासारखं आहे. वरचा उपदेश नुसता बुरखा नाही, तो स्वतंत्रपणेही वाचता येतो. दोष एकच: विजापूरच्या एखाद्या चौकस कारकुनानं ओळींच्या कडेवरून बोट फिरवलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

शॉर्टवेव्ह रेडिओवर गेली कित्येक दशकं ऐकू येणारे हेरांसाठीचे आकड्यांचे निरोप याच्या बरोबर उलट आहेत. तिथे वरचा मजकूर नाहीच. एक बाई पाच-पाच आकड्यांचे गट वाचते आणि निघून जाते. अशा मजकुराचं रसग्रहण करायचं म्हणजे काय करायचं? माझं म्हणणं असं की करता येतं, कारण अर्थ काढून घेतला तरी घाट शिल्लक राहतो, आणि इथे घाट फार विचारपूर्वक बांधलेला आहे.

‘लिंकनशर पोचर’ या नावानं श्रोत्यांनी ओळखलेलं केंद्र घ्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जुलै २००८पर्यंत ते ऐकू येत होतं. सुरुवातीला एका इंग्रजी लोकगीताच्या धुनेचा तुकडा, मग पाच आकड्यांची खूण, पुन्हा तुकडा, पुन्हा खूण. हे सुमारे दहा मिनिटं चालतं. कंटाळवाणं खरं, पण ते कंटाळवाणं असायलाच हवं, कारण दूर कुठेतरी कुणीतरी रेडिओची कळ फिरवत ते शोधत असतो आणि त्याला सापडेपर्यंत थांबणं भाग असतं. मग सहा टोल. मग दोनशे गट, प्रत्येक दोनदा. गटातल्या शेवटच्या आकड्यावर आवाज किंचित वर चढतो, म्हणजे गट संपला हे खरखरीतही कळतं. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती दोनशे ही ठरीव लांबी. निरोप दोन शब्दांचा असो की पूर्ण दोनशे गटांचा, प्रसारण तेवढंच. आज काही घडलंय का, हे लांबीवरूनसुद्धा ओळखता येत नाही.

धुनेची निवडही गमतीची आहे. मूळ गाणं चांदण्या रात्री दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्याचं, आणि तो त्यात पश्चात्ताप करत नाही, मजा सांगतो. गुप्तहेरांच्या केंद्रानं हे गाणं लावावं, यात कुणाच्या तरी ओठावरचं हसू मला दिसतं. हौशी श्रोत्यांनी दिशा मोजत हे केंद्र सायप्रसमधल्या अक्रोटिरीच्या ब्रिटिश हवाईतळावर नेऊन ठेवलं. जागा सापडली, अर्थ सापडला नाही.

आपल्याकडच्या गुप्त रेडिओचा डाव नेमका उलटा होता. २७ ऑगस्ट १९४२पासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवत होते. बोलणं अगदी उघड, तरंगलांबीही सांगून टाकलेली, ४२.३४ मीटर. लपवलेली होती ती फक्त जागा: ‘हिंदुस्थानातून कुठून तरी’. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ती शोधली. त्यांनी ही प्रसारणं ऐकून टिपली आणि खटल्यात पुरावा म्हणून मांडली, म्हणून आज तो मजकूर आपल्या हाती आहे. वैऱ्याइतका मन लावून ऐकणारा श्रोता दुसरा मिळत नाही.

पुन्हा त्या आकड्यांच्या केंद्रांकडे. तिथल्या आकड्यांचा अर्थ का सापडत नाही, तर बेरजेमुळे. निरोपाची अक्षरं आकड्यांत बदलायची. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे सारख्याच यादृच्छिक आकड्यांची एक वही असते. निरोपाचा आकडा ७, वहीतला ८, बेरीज १५. हातचा धरायचा नाही, ५ लिहायचा. घेणारा ५मधून ८ वजा करतो, कमी पडले तर दहा उसने घेतो आणि ७वर येतो. पान एकदा वापरलं की जाळायचं. वही खरोखर यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरली गेली असेल, तर हे फोडता येत नाही, हे क्लॉड शॅनन यांनी सिद्ध करून १९४९मध्ये प्रसिद्ध केलं. सोव्हिएत हेरखात्यानं काही पानं दुसऱ्यांदा वापरली आणि अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पानं तेवढ्यावर त्यांचे काही निरोप वाचले.

क्यूबाच्या ‘अतेन्सियोन’ केंद्राचं मात्र नशीब वेगळं. मायामीतल्या क्यूबन हस्तकांच्या घरी एफबीआयनं शिरून संगणकातला उलगड्याचा प्रोग्रॅम नकलून घेतला. १९९८मध्ये त्यांना अटक झाली आणि खटल्यात काही निरोप इंग्रजी भाषांतरात समोर आले. त्यातले तीन मी पुन:पुन्हा वाचतो.

पहिल्याचा आशय: जो आणि डेनिस यांच्याशी मैत्री वाढवण्याला प्राधान्य द्या. मैत्री इथे कामाच्या यादीतली एक बाब आहे, तरी शब्द मैत्रीचाच आहे, ‘संपर्क’ नाही.

दुसरा असा: २४, २५, २६ आणि २७ तारखांना हर्मान किंवा कास्तोर या हस्तकांनी कोणत्याही परिस्थितीत ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’बरोबर किंवा दुसऱ्या संघटनेबरोबर उड्डाण करू नये. ही क्यूबन निर्वासितांची विमानं उडवणारी संघटना. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या हवाईदलानं तिची दोन विमानं पाडली, चौघे गेले. क्यूबाला आधीच काय ठाऊक होतं यावर न्यायालयात दोन्ही पक्ष भांडले. मी फक्त वाक्याकडे पाहतो. चारही तारखा एकेक करून मोजलेल्या, नावं मोजलेली, ‘दुसऱ्या संघटनेबरोबर’ ही फटही बुजवलेली. फक्त कारण नाही. कारण लिहायला जागा नव्हती असं नाही, ते कळण्याचा अधिकार घेणाऱ्याला नव्हता. आणि ज्यांना वाक्यातून वगळलंय, म्हणजे त्या विमानांत बसणारे बाकीचे, त्यांच्याबद्दल ते गप्प आहे.

तिसरा: आंतरराष्ट्रीय महिला दिनानिमित्त सर्व महिला कॉम्रेडचं अभिनंदन करा. पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. इतकी यंत्रणा, आणि शुभेच्छापत्र! पण नीट वाचलं तर या शुभेच्छा नाहीत, शुभेच्छा देण्याचा हुकूम आहे. क्रियापद आज्ञार्थी, अगदी दुसऱ्या निरोपासारखं. आणि उड्डाणाचा इशारा ज्या आकड्यांतून गेला, तशाच आकड्यांतून हेही गेलं. वाचणाऱ्या बाईला दोन्हींतला फरक माहीत असण्याचं कारण नव्हतं. पलीकडे टिपून घेणाऱ्यालाही निरोप उलगडेपर्यंत तो माहीत नव्हता. मायामीतल्या त्या खोलीत कुणीतरी, कदाचित जिवावर बेतणारी बातमी आहे असं धरून, महिला दिनाच्या शुभेच्छा एकेक आकडा टिपून उलगडल्या.