‘समाधान झालेले नाही’: दोन नकारपत्रांची भाषा

कायद्याच्या भाषेचा विचार आपल्याकडे बहुधा परिभाषेच्या अंगाने झालेला आहे. अमुक इंग्रजी संज्ञेस मराठीत कोणता शब्द योजावा, तो संस्कृतोद्भव असावा की रूढ फारसी असावा, याविषयी पुष्कळ वाद झाले, आणि ते निष्फळ होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु निर्णयाचे वाक्य कसे रचले जाते, त्यात कर्ता कोण असतो, आणि नकार वाक्याच्या नेमक्या कोणत्या घटकास लागतो, हे प्रश्न मात्र त्या वादांत मागे पडले. प्रस्तुत लेखात अशा वाक्यांचा एक विशिष्ट नमुना तपासावयाचा आहे. ऑस्ट्रेलियातील मालक-पुरस्कृत प्रादेशिक व्हिसा नाकारणारे पत्र, आणि त्या नकाराच्या फेरतपासणीत न्यायाधिकरणाकडून मिळणारा निर्णय, हे ते वाङ्मय होय. वाङ्मय हा शब्द येथे मी जाणूनबुजून वापरीत आहे. ज्याच्या एका वाक्यावर एखाद्या कुटुंबाची दहा वर्षे फिरतात, ते लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एक वयस्क गृहस्थ, आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने, अशी दोन पत्रे घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियातील एका लहान शहरात उपाहारगृहात स्वयंपाकी होता. एक पत्र उपाहारगृहाच्या मालकास आलेले होते व त्याची प्रत मुलाने मिळविली होती. दुसरे मुलाच्या नावाचे. दोन्ही मिळून दहा-बारा पानांच्या त्या मजकुरातील एकच शब्द घरात सर्वांना कळला होता: ‘रिफ्यूज्ड’. गृहस्थांनी मला विचारले ते असे: “सर, पोरानं काय खोटं केलंय व्हय? गावात लोक तसंच म्हनत्यात.” मी पत्रांचे मराठी करून देण्याचे कबूल केले. एका संध्याकाळचे काम समजून हाती घेतले, त्यास दोन आठवडे लागले. पुढील विवेचन त्या दोन आठवड्यांतून निघालेले आहे.

प्रथम व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. त्या मुलाचा अर्ज ज्या योजनेखाली होता तिचा व्हिसा ‘उपवर्ग 187’ या नावाने 2012 पासून ओळखला जाई. 16 नोव्हेंबर 2019 पासून तो काही संक्रमणकालीन अपवाद वगळता नव्या अर्जदारांस बंद झाला व त्याच दिवशी ‘उपवर्ग 494’ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा सुरू झाला. दोहोंचा सांगाडा एकच. अर्ज एक नसतो, किमान दोन असतात. मालक एका जागेसाठी नामांकन करतो. जागा खरोखर आहे, तिची गरज खरी आहे, स्थानिक माणूस मिळत नाही, हे त्याने दाखवावयाचे असते, आणि प्रादेशिक संस्थेचे मतही मागविले जाते. कामगार स्वतःच्या व्हिसासाठी निराळा अर्ज करतो. वय, कौशल्य, इंग्रजीचे ज्ञान या बाबी त्याने सिद्ध करावयाच्या असतात. परंतु या सर्वांवर एक अट आहे: मालकाचे नामांकन मंजूर झालेले असले पाहिजे. ते मंजूर नसेल तर स्वयंपाक्याच्या हाताची चव, अनुभव, इंग्रजी, काहीही उपयोगी पडत नाही.

आता वाक्याकडे वळू. मालकास आलेल्या पत्रातील कळीच्या विधानाचा आशय असा होता की, या जागेची गरज खरी आहे याविषयी निर्णयकर्त्या अधिकाऱ्याचे समाधान झालेले नाही. ही शब्दयोजना अधिकाऱ्याची लहर नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या 1958 च्या स्थलांतर कायद्यातील 65 वे कलम व्हिसाच्या निर्णयास हेच रूप देते: अटी पुऱ्या झाल्याचे समाधान झाले तर व्हिसा दिलाच पाहिजे, समाधान झाले नाही तर नाकारलाच पाहिजे. म्हणजे निर्णयाचे वाक्य जगाविषयी नसते, ते अधिकाऱ्याच्या मनःस्थितीविषयी असते. उपाहारगृहात स्वयंपाक्याची गरज आहे किंवा नाही, हे ते सांगत नाही. आपली खात्री पटली नाही, एवढेच सांगते.

येथे मराठी वाचकाची फसगत होते, आणि ती अज्ञानामुळे होत नाही, भाषेच्या ज्ञानामुळेच होते. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या वाक्याचा अर्थ आपण ‘तो येणार नाही असे मला वाटते’ असाच घेतो. नकार मुख्य क्रियापदास लागलेला असतो. अर्थ मात्र तो गौण वाक्यात नेऊन बसवितो. ‘वाटणे’ या क्रियापदाचा हा स्वभावच आहे. ‘खात्री पटणे’ किंवा ‘समाधान होणे’ यांचा तो नाही. ‘गरज खरी आहे अशी खात्री पटली नाही’ यातून ‘गरज खोटी आहे अशी खात्री पटली’ असे निष्पन्न होत नाही; मधे अनिश्चिततेची एक विस्तृत जागा उरते. परंतु व्यवहारात, विशेषतः वरिष्ठाच्या तोंडी, आपण हा भेद पाळीत नाही. ‘साहेबांना ते पटलेले नाही’ याचा अर्थ आपल्या कचेऱ्यांत सरळ ‘साहेब त्यास खोटे समजतात’ असा होतो. गावाने पत्र न वाचताच त्याचा असा अन्वय लावला होता.

कायद्यास मात्र हा भेद चांगला ठाऊक आहे. खोटी कागदपत्रे किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा ठपका ठेवावयाचा असेल तर त्यासाठी निराळा निकष आहे. ‘लोकहित निकष 4020’ असे त्याचे नाव. त्याखाली नकार आला तर सामान्यतः तीन वर्षे तो निकष लागू असणारा दुसरा व्हिसा मिळू शकत नाही. माझ्यासमोरील दोन्ही पत्रांत त्या निकषाचा उल्लेखही नव्हता. ज्या भाषेत आरोपासाठी स्वतंत्र वाक्य राखून ठेवलेले आहे, तिच्यातील आरोपरहित वाक्यावर आरोप लादणे हा भाषांतराचा अपराध होय. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘गरज खरी वाटत नाही’ असे मी लिहिले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. भाषाविज्ञानाची पदवी असूनही ‘वाटणे’ लेखणीतून आपोआप उतरले.

स्थलांतराच्या दाराशी भाषेला उभे करण्याची त्या देशाची परंपरा जुनी आहे. 1901 च्या कायद्याने नको असलेल्या माणसास पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालण्याची सोय केली होती, आणि परीक्षेची भाषा अधिकाऱ्याने निवडावयाची. एगोन किश या बहुभाषी लेखकास 1934 साली स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत श्रुतलेखन घालण्यात आले. ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे, असे ठरवून न्यायालयाने त्याची सुटका केली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निकाल हास्यास्पद आणि माणुसकीच्या दृष्टीने उत्तम, असा विरळा योग तेथे जुळला. श्रुतलेखन 1958 च्या कायद्याने गेले. त्याच कायद्यात पुढील दुरुस्त्यांनी समाधानाचे कलम आले. पूर्वी परीक्षा उघड होती. अर्जदार नापास झाला हे तरी त्यास कळत असे.

मुलाच्या नावाचे दुसरे पत्र याहून विलक्षण आहे. त्यातही तीच शब्दयोजना: मंजूर नामांकन असल्याविषयी समाधान झालेले नाही. वस्तुतः येथे समाधान होण्या-न होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नामांकन ज्या खात्याने नामंजूर केले, तेच खाते आता ते मंजूर झाल्याची आपली खात्री पटली नाही म्हणते. स्वतःच लावलेल्या कुलपाकडे पाहून दार उघडे असल्याविषयी साशंक राहावे, तसा हा प्रकार. आणि या वाक्यात ‘अर्जदार’ हा शब्द पदोपदी येतो: अर्जदाराने अट पुरी केलेली नाही, अर्जदार पात्र ठरत नाही. व्याकरणातील कर्ता मुलगा. ज्या कृतीबद्दल बोलणे चालले आहे ती मालकाची. या पत्रात मुलाविषयी विचारलेला एकही प्रश्न नाही. त्याच्या कौशल्याचा भाग तपासण्याची आवश्यकता उरत नाही, असे म्हणून तो सोडून दिलेला आहे. नकार मात्र त्याला.

फेरतपासणीत या व्यंगाचे परिणाम दिसू लागतात. मराठीत आपण सर्वच प्रकारांना ‘अपील’ म्हणतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. न्यायाधिकरण अधिकाऱ्याच्या जागी बसून गुणावगुणांवर नव्याने निर्णय करते. न्यायालय केवळ निर्णय कायद्याच्या चौकटीत झाला की नाही एवढेच पाहते. स्वयंपाकी चांगला आहे काय, हे न्यायालय कधीच विचारत नाही. न्यायाधिकरण विचारू शकते, पण नामांकन नसेल तर विचारण्याचे त्यास कारण राहत नाही. शिवाय नामांकनाच्या नकाराची फेरतपासणी मागण्याचा अधिकार मालकाचा, कामगाराचा नाही. न्यायाधिकरण पुष्कळदा दोन्ही प्रकरणे एकत्र चालविते, आणि मालक टिकून राहिला तर कामगारही तरतो. मालकाने उपाहारगृह विकले, कंपनी मोडली, किंवा तीन हजार डॉलरांहून अधिक असलेले शुल्क भरण्याचा त्यास कंटाळा आला, तर कामगाराच्या हाती एक पत्र पडते: तुमच्या जागेचे नामांकन मंजूर नाही, यावर तुमचे म्हणणे कळवा. या प्रश्नास ‘होय, मंजूर नाही’ याखेरीज खरे उत्तर नाही.

दुसरा मालक शोधावा, असे कोणी सुचवील. उपवर्ग 187 च्या बाबतीत तो मार्ग बंद असल्याचे संघीय न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2017 साली सिंह यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. अर्ज करताना ज्या नामांकनाचा निर्देश झाला तेच नामांकन विचारात घ्यावयाचे. मागाहून झालेले नामांकन त्याची जागा घेऊ शकत नाही. येथे इंग्रजीतील निश्चितार्थक उपपदाची आठवण व्हावी. मराठीत उपपद नाही; ‘जागा’ म्हटले की कोणतीही जागा. म्हणून भाषांतरात मला प्रत्येक ठिकाणी ‘तीच जागा’ असे लिहावे लागले, आणि त्या ‘च’मध्ये सारा कायदा सामावला.

याउलट ली यांचे प्रकरण पाहावे. या बाईंनी स्वयंपाकी म्हणूनच व्हिसा मागितला होता, परंतु तो मालक-पुरस्कृत नव्हता. कौशल्याच्या मूल्यमापनात झालेली चूक दुरुस्त होईपर्यंत थांबावे, ही त्यांची विनंती न्यायाधिकरणाने नाकारली. पुरेशी संधी देऊन झाली, असे त्याचे म्हणणे. 2013 साली ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने (तेथे हेच सर्वोच्च न्यायालय) तो नकार अवाजवी ठरविला. निकालाचे महत्त्व कायद्याचे अभ्यासक जाणतात. मला त्यातील एकच गोष्ट येथे नोंदवावयाची आहे: ज्या कागदाची वाट पाहावयाची होती तो ली यांचा स्वतःचा होता. आमच्या स्वयंपाक्यास वाट पाहण्याजोगा स्वतःचा कागदच नव्हता.

मालकाशी बांधलेले आणि प्रदेशाशी बांधलेले काम मराठी माणसास नवे नाही. 1834 नंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांत रत्नागिरी-सावंतवाडीकडील माणसे होती. कराराची मुदत संपलेल्या ‘जुन्या’ मजुरांसही तेथील 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेला पास बाळगणे सक्तीचे केले. जिल्हा बदलला तर पोलिसांकडून नोंद करून घ्यावी लागे, आणि नोंद नसली तर तो माणूस भटक्या ठरे. 1871 साली आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यानंतर शाही आयोग नेमला गेला व 1875 मध्ये त्याचा अहवाल आला. तुलना ताणू नये. आजचा कामगार स्वखुशीने जातो, त्यास वेतन व कायद्याचे संरक्षण आहे, आणि उपवर्ग 494 धारकास काम सुटल्यावर नवा पुरस्कर्ता शोधण्यासाठी 2024 पासून एका वेळी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळते. तरीही एक साम्य नजरेआड करता येत नाही. त्या मजुरांच्या अर्जात बोलणारे मजूर स्वतः होते. त्यांचे म्हणणे त्यांचेच म्हणून ऐकले गेले. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ करणाऱ्या त्यांच्या बोलीने करारपत्रावर निदान आपला ठसा तरी उमटविला. (आपल्या सुताराचे गिरमिट निराळे, ते ‘गिम्लेट’पासून आले. दोन्ही भोके पाडतात, हा केवळ योगायोग.)

‘प्रादेशिक’ या शब्दाबद्दलही एक सूचना. कोल्हापुरात तो ऐकून लोक खेडेगाव डोळ्यांपुढे आणतात. 2019 पासून ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन यांखेरीज जवळजवळ सर्व देश, पर्थसारखे महानगर धरून, प्रादेशिक आहे. ही संज्ञा भूगोलाची नसून वजाबाकीची आहे, आणि तिचे मराठी ‘त्रिनगरबाह्य’ असे केले तर कोणीही हसेल, पण कोणी फसणार नाही.

मुलाची फेरतपासणी निष्फळ झाली. मालकाने उपाहारगृह विकले होते. निर्णयाच्या शेवटच्या ओळीत न्यायाधिकरणाने मूळ नकार ‘कायम’ केला. तो निर्णयही गृहस्थ माझ्याकडे घेऊन आले. मी पूर्वीचे व हे असे सारे भाषांतर त्यांच्या हाती दिले, आणि ‘खात्री पटलेली नाही’ या शब्दांखाली रेघ मारून त्यांचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, एवढं मोठं कोन वाचतंय? त्यातलं एकच वाक्य निराळ्या कागदावर लिवून द्या.” कोणते, हे त्यांनी सांगितले नाही, सांगण्याची गरज नव्हती. ‘या पत्रांत अर्जदाराने काही खोटे केल्याचे कोठेही म्हटलेले नाही’ असे मी लिहून दिले. विभागाचा शिक्का मारता येईल काय, असे त्यांनी विचारले. तो अधिकार मला नव्हता. केवळ सही केली.