मजूर परत पाठवले, मग मजुरी वाढली का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

हंगामी परदेशी मजुरांच्या व्हिसावर कुठेही वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं: "हे लोक आले नसते तर आपल्या लोकांना जास्त मजुरी मिळाली असती." ऐकायला अगदी बरोबर वाटतं. मजूर कमी म्हणजे मजुरी जास्त, हा मागणी-पुरवठ्याचा पहिला धडा. पण तो प्रत्यक्षात तपासायचा कसा? देशभरातले मजूर एका वर्षी ठेवायचे आणि पुढच्या वर्षी हाकलायचे, असा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

अमेरिकेत तो एकदा नकळत झाला. १९४२ साली, युद्धामुळे शेतीला माणसं कमी पडू लागली तेव्हा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. त्यातून 'ब्रासेरो' योजना सुरू झाली. मेक्सिकन मजूर ठरावीक काळासाठी यायचे, पीक काढायचे, परत जायचे. १९६२ पासून सरकारने योजना आवळत आणली आणि १९६४ च्या अखेरीस ती बंद केली. सुमारे पाच लाख हंगामी मजुरांचा कायदेशीर रस्ता बंद झाला. स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढावी, हा त्यामागचा उघडपणे सांगितलेला हेतू होता.

मायकेल क्लेमेन्स, इथन लुईस आणि हॅना पोस्टेल या तिघांचा याच घटनेवरचा पेपर २०१८ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, असं माझं मत आहे. त्यात काय भक्कम आहे आणि कुठे थांबायला हवं, दोन्ही सांगतो.

पद्धत आधी बघू. विज्ञान शाखेतून आलेल्यांना ती लगेच कळेल. शेतावर खताचा प्रयोग करताना आपण काही वाफ्यांना जास्त मात्रा देतो, काहींना कमी, काहींना शून्य. इथे वाफे म्हणजे राज्यं. कॅलिफोर्निया, टेक्सस, ॲरिझोना, न्यू मेक्सिको यांसारख्या राज्यांत ब्रासेरो मजूर भरपूर होते, काही राज्यांत थोडे, काहींत अजिबात नव्हते. योजना बंद झाल्याचा धक्का त्याच प्रमाणात बसायला हवा. मग १९६४ च्या आधीची आणि नंतरची मजुरी प्रत्येक गटात बघायची आणि गटागटांतल्या बदलाची तुलना करायची. यालाच 'फरकातला फरक' म्हणतात. नुसतं "आधी आणि नंतर" बघितलं असतं तर देशभर सगळीकडेच वाढणारी मजुरी धक्क्याच्या खात्यावर जमा झाली असती. ज्या राज्यांत ब्रासेरो नव्हते ती राज्यं इथे कंट्रोलचं काम करतात.

निष्कर्ष असा की जास्त धक्का बसलेल्या राज्यांत स्थानिक मजुरांची मजुरी इतरांपेक्षा वेगाने वाढल्याचं दिसत नाही. रोजगारातही तसा परिणाम सापडत नाही. मग ते काम गेलं कुठे? शेतकऱ्यांनी यंत्रं आणली. कॅलिफोर्नियात टोमॅटो काढणीचं यंत्र आणि त्याला सोसेल असं टणक सालीचं वाण विद्यापीठात आधीच तयार होतं. योजना बंद होताच काही वर्षांत ते शेतोशेती पोचलं. ज्या पिकांना यंत्र उपलब्ध नव्हतं त्यांचं उत्पादन घटलं. म्हणजे मजूर महाग होण्याऐवजी मजुराची गरजच कमी केली गेली.

पेपरचं खरं बळ मला या दुसऱ्या भागात वाटतं. नुसतं "परिणाम सापडला नाही" म्हणणारा पेपर वाचकाला संशयात ठेवतो. परिणाम नव्हताच, की मोजमाप कच्चं होतं? इथे लेखक परिणाम कुठे वळला तो मार्गही दाखवतात. मजुरीत काही हललं नाही, पण त्याच राज्यांत यंत्रं आणि पिकं हलली. म्हणजे धक्का खरा होता आणि मोजमापाला तो दिसत होता. तुमच्या प्रबंधात शून्य निकाल आला तर घाबरू नका. पण त्याच्या शेजारी असा एखादा पुरावा ठेवा.

आता थांबायच्या जागा.

पहिली: राज्य हे फार मोठं एकक आहे. पूर्ण कॅलिफोर्नियाची सरासरी मजुरी स्थिर दिसत असताना एखाद्या खोऱ्यात, एखाद्या पिकात ती वर गेलेली असू शकते. लेखकांकडे जी जुनी सरकारी आकडेवारी होती ती राज्यवार, त्यामुळे हा त्यांचा हलगर्जीपणा नाही. पण "राज्याच्या सरासरीत वाढ दिसली नाही" आणि "कुणाचीच मजुरी वाढली नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पेपर पहिलं सिद्ध करतो, वादात मात्र दुसरं वापरलं जातं.

दुसरी: त्याच काळात दुसरं काही घडत होतं का? घडत होतं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाले. कोचेला खोऱ्यात फिलिपिनो मजुरांना तासाला सव्वा डॉलर देऊ केला होता आणि परदेशी मजुरांसाठी सरकारने १.४० डॉलर दर ठरवला होता. मजुरांनी तोच दर मागितला, संप केला आणि मिळवला. सप्टेंबरमध्ये डेलानोत तीच मागणी घेऊन मोठा संप उभा राहिला. इथे जरा सावकाश विचार करा. संपाने मजुरी वाढत असेल तर ती कॅलिफोर्नियात, म्हणजे जास्त धक्क्याच्या गटात. त्यामुळे पेपरमध्ये वाढ दिसण्याकडे कल झुकायला हवा होता. तरीही वाढ दिसली नाही, म्हणजे ही अडचण निष्कर्षाला कमकुवत करत नाही. गोंधळ घालणारा घटक सापडला की लगेच "पेपर चुकीचा" म्हणून मोकळं होऊ नका. तो कुठल्या दिशेला ढकलतो ते आधी बघा.

पण याच घटनेतून आणखी एक गोष्ट समोर येते, आणि ती पेपरच्या चौकटीत मावत नाही. स्थानिक मजुरांच्या हाती मागणीसाठी जो आकडा आला, तो परदेशी मजुरांसाठी असलेल्या नियमातून आला. म्हणजे परदेशी मजूर आहे की नाही, एवढाच प्रश्न नाही. तो कुठल्या अटींवर आहे, हाही प्रश्न आहे.

माझी मुख्य तक्रार इथे आहे. तक्रार पेपरवर कमी आणि त्याच्या वापरावर जास्त आहे. पेपरने विचारलं, "त्यांना काढल्याने आपल्यांचं भलं झालं का?" उत्तर आलं, दिसत नाही. पण त्यावरून "मग योजना चांगलीच होती" असं म्हणता येत नाही. योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रासेरोंच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापली जायची आणि अनेकांना ती कधी परत मिळाली नाही. मजूर ज्या मालकाशी बांधलेला, त्याच्याशी पटलं नाही तर घरी जायचं. स्थानिकांच्या मजुरीच्या तक्त्यात यासाठी रकानाच नाही.

आजचा एच-टू-ए व्हिसा त्याच वळणाचा आहे. त्यात घर, प्रवासखर्च, किमान दर यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे, संख्येवर मर्यादा नाही, आणि २०२३ या आर्थिक वर्षात तीन लाख सत्तर हजारांहून जास्त जागांना मंजुरी मिळाली. पण मजुराचा व्हिसा सहसा अर्ज करणाऱ्या मालकाशीच जोडलेला. नवा मालक शोधायचा तर त्यानेही नव्याने अर्ज करायला हवा. सुधारणा करायची तर पहिला हात इथे घालावा लागेल.

आणि त्यासाठी वेगळा पेपर वाचावा लागतो. सुरेश नायडू, यॉ न्यार्को आणि शिंग-यी वांग यांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या २०११ च्या बदलाचा अभ्यास केला. आपल्याकडून इतकी माणसं तिकडे जातात की हा प्रश्न आपल्याला परका नाही. करार संपल्यावर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र न घेता नोकरी बदलायची मुभा मिळाली. तिथे असलेल्या कामगारांची कमाई वाढली आणि गंमत म्हणजे जुन्या मालकाकडे टिकणारेही वाढले. दुसरी बाजूही आहे: नव्याने येणाऱ्यांना मागणी कमी झाली. सुधारणेची किंमत कोण देतो, हे लेखकांनी झाकून ठेवलं नाही. ते मजूर हंगामी नव्हते, शेतीतलेही नव्हते, म्हणून तो निकाल जसाच्या तसा कॅलिफोर्नियावर चिकटवता येणार नाही. पण प्रश्न योग्य आहे.

हा प्रश्न अमेरिकेतही तपासता आला असता. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या शेतमजूर विधेयकात एक प्रायोगिक तरतूद होती: जास्तीत जास्त दहा हजार मजुरांना मालक बदलण्याची मोकळीक. ते विधेयक कायदा झालं नाही. धोरण म्हणून ही तरतूद लहानशी होती, पण संशोधक म्हणून बघितलं तर तुलना करायला गट तयार मिळाला असता. मोकळीक मिळालेल्यांची कमाई, दुखापती, तक्रारी आणि मालकांचा खर्च बाकीच्यांशी ताडून पाहता आला असता. अर्थात, मोकळीक कुणाला द्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवलं असतं तर.

तुम्ही पेपर निवडताना एवढं करा. निष्कर्ष वाचण्याआधी परिणामाच्या जागी कुठला आकडा ठेवला आहे ते बघा. मग त्या विषयात ज्याचं आयुष्य बदलतं त्या माणसाचा रकाना तक्त्यात आहे का, ते शोधा. नसेल तर पेपर लगेच वाईट ठरत नाही. पण तिथे एक प्रबंध तुमची वाट बघत असण्याची शक्यता बरीच आहे.