'आपण पाहू शकता'मधला 'आपण' कोण?

घटनास्थळावरून बोलणाऱ्या मराठी बातमीदाराचे तीन शब्दप्रयोग आता नकलाकारांच्याही तोंडी बसले आहेत : 'आपण पाहू शकता', 'या ठिकाणी' आणि 'आत्ताच्या घडीला'. भाषेविषयी जागरूक असलेली मंडळी पहिल्या प्रयोगावर हिंदीची सावली म्हणून बोट ठेवतात. ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. हे तीन प्रयोग बातमीच्या तीन मूलभूत प्रश्नांच्या जागी उभे आहेत : कोणासाठी, कुठे आणि केव्हा. त्या जागा भरल्यासारख्या दिसतात, पण आत उत्तर नसते. ही रिकामी भाषा केवळ कानाला खटकते की तिची किंमतही मोजावी लागते, एवढाच प्रश्न येथे तपासायचा आहे.

दृकश्राव्य बातमीदारीचा पहिला धडा सोपा आहे. चित्र जे सांगते ते शब्दांनी पुन्हा सांगू नये. चित्र जे सांगू शकत नाही ते शब्दांनी सांगावे. जळालेली बस पडद्यावर दिसतेच. ती कोणत्या मार्गावरची होती, आग लागली तेव्हा आत किती माणसे होती आणि ही माहिती कोणी दिली, हे दिसत नाही. संकलित बातमीत हा धडा पाळणे जमते, कारण लिहायला आणि खोडायला वेळ असतो. आधी दृश्ये लावायची, मग त्यांच्या मापाने निवेदन लिहायचे, संबंधितांचे बाइट जोडायचे आणि चित्र अपुरे पडेल तेथेच बातमीदाराने कॅमेऱ्यासमोर यायचे. थेट प्रक्षेपणात खोडायची सोय नाही. निवेदक प्रश्न विचारतो, नवे काही कळलेले नसते आणि तरीही बोलावे लागते. या तीन प्रयोगांची खरी जन्मभूमी ही आहे. ते हिंदीतून आले असतील. रुजले मात्र वेळ भरण्याच्या गरजेतून.

मराठीला ही गरज उशिरा भेटली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील बातमी प्रामुख्याने लिहिलेली आणि वाचलेली होती. चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या त्या २००७ आणि २००८ मध्ये : झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन-लोकमत. छापील मराठीला दीड शतकाहून अधिक काळाचा सराव होता. अखंड थेट बोलण्याच्या मराठीला जेमतेम दोन वर्षांचा. आणि मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली.

त्या आधीच्या एका दिवसाचे उदाहरण 'कुठे' या प्रश्नाचे मोल दाखवते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच काळात कुलाब्याला तो सुमारे ७३ मिलिमीटरच होता. एकाच शहरात, एकाच दिवशी. अशा दिवशी मरीन ड्राइव्हवर उभे राहून 'या ठिकाणी पाऊस सुरू आहे' असे सांगणारा खोटे बोलत नसतो, पण कुर्ल्यात अडकलेल्याच्या घरच्यांना त्याने काहीच सांगितलेले नसते. त्यांना हवे असते रस्त्याचे नाव, पुलाचे नाव, घड्याळातली वेळ. थेट प्रक्षेपणाची सार्थकता अशा नेमक्या तपशिलात आहे, हे टीका करतानाही विसरता येत नाही.

२६ नोव्हेंबरला मात्र हे गणित उलटे झाले. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथील कारवाई देशभरच्या वाहिन्यांनी तासन्‌तास थेट दाखवली. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो प्रेक्षकांनी २८ तारखेच्या सकाळी घरात बसून पाहिले. एरवी पोकळ असणारे 'या ठिकाणी' आणि 'आत्ताच्या घडीला' हे शब्द, कोणत्याही भाषेतले असोत, तेव्हा चित्रामुळे भरून गेले : जवान कोठे आहेत आणि या क्षणी काय करत आहेत. हे पाहणाऱ्यांत सीमेपलीकडे बसून हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देणारे सूत्रधारही होते.

कसाब खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना न्या. आफताब आलम आणि न्या. चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने याची स्वतंत्र दखल घेतली. सूत्रधार दूरचित्रवाणी पाहूनच बोलत होते, हे दूरध्वनी संभाषणांच्या नोंदींतून दिसते, असे न्यायालयाने म्हटले आणि अशा प्रक्षेपणाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार नाकारला. या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांची प्रत्यक्ष हानी झाली का, हे सांगता येत नाही, असेही त्याच निकालात आहे. टीकाकारानेही ही मर्यादा पाळायला हवी.

मार्च २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही. नेमलेला अधिकारी वेळोवेळी जे सांगेल तेवढेच वार्तांकन. बंदी समजण्यासारखी आहे, पण तिने प्रश्न अर्धाच सुटतो. कॅमेरा बंद झाला आणि बातमीदाराच्या जागी सरकारी निवेदन आले. निवेदन अपुरे किंवा चुकीचे असेल तर ते ओळखायला बातमीदार लागतोच. आणि त्याची बोलण्याची सवय तीच राहिली आहे.

येथे मराठीच्या एका सोयीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' असा भेद मराठी करते. हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही. 'आपण पाहू शकता' हा आदरार्थी प्रयोग प्रेक्षकाला साक्षीदार असल्याचा भास देतो. वस्तुतः प्रेक्षक तेवढेच पाहतो जेवढे कॅमेऱ्याने निवडले. आणि तो प्रेक्षक कोण, हे बोलणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. उलट 'आम्हाला इथून एवढेच दिसते. आत काय चालले आहे ते कळलेले नाही' या वाक्यात पाहणारा कोण, तो कोठे उभा आहे आणि त्याला काय माहीत नाही, हे तिन्ही येते. साक्षीची जबाबदारी बोलणारा स्वतःवर घेतो.

पत्रकारितेच्या वर्गात कॅमेरा, माइक आणि संकलन शिकवले जातेच. त्यासोबत एक स्वस्त चाचणी ठेवता येईल. विद्यार्थ्याने केलेल्या थेट वार्तांकनाचा एक मिनिट पडदा झाकून ऐकावा. जागा, वेळ आणि माहितीचा उगम कळला तर धडा झाला. 'आपण पाहू शकता' एवढेच उरले तर पुन्हा उभे राहायला सांगावे. दुसऱ्यांदा तोच मिनिट त्या घटनेत अडकलेल्या माणसाच्या जिवावर उठेल का, या एका प्रश्नासाठी ऐकावा. त्या तीन दिवसांनंतर हा प्रश्न प्राथमिक धड्यांतच असायला हवा.