डॉबीसाठी रडणारा वाचक

एखाद्या कल्पित पात्रावर वाचकाचा जीव जडतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. प्रस्थापित समीक्षेला तो एक तर बालिश वाटतो, नाही तर 'रसास्वाद' एवढा एक शब्द उच्चारून ती मोकळी होते. परंतु ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या माणूस म्हणून कुणाची माया आली नाही, त्यांनी हा प्रश्न असा सोडून देणे परवडणारे नाही. माया कुणाला मिळते, कोणत्या अटींवर मिळते, आणि मिळाल्यानंतर तिचे पुढे काय होते, हे समाजात जसे तपासावे लागते तसे साहित्यातही तपासावे लागते.

त्यासाठी मी जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटर या कादंबरीमालेतील एका पात्राचा विचार करणार आहे. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत तिचे सात भाग प्रसिद्ध झाले. मराठीतही ते अनुवादित झाले. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांनी पुस्तकांतून किंवा चित्रपटांतून ही कथा आपलीशी केलेली आहे. चेटकांच्या शाळेच्या गोष्टीशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असे कुणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हाच या शंकेचे उत्तर दिले गेले आहे. गुलाम कुठलाही असो, तो आपल्याला परका नाही. आणि या कादंबऱ्यांत गुलाम आहेत.

त्यांना 'हाउस-एल्फ' म्हणतात. खुजे, मोठ्या कानांचे, टपोऱ्या डोळ्यांचे हे जीव जन्मतः एका घराण्याला बांधलेले असतात. वेतन नाही, सुट्टी नाही. अंगावर उशीचा अभ्रा नाही तर पुसायचे फडके. मालकाविरुद्ध शब्द निघाला तर स्वतःच स्वतःला शिक्षा करायची. मालकाने हातात कपडा दिला तरच सुटका. दुसऱ्या भागात डॉबी नावाचा असा एक एल्फ येतो. हॅरीच्या युक्तीमुळे मालकाच्या हातून त्याला एक मोजा मिळतो आणि तो मुक्त होतो. सातव्या भागात हॅरीला व त्याच्या सोबत्यांना वाचवताना सुरीचा घाव बसून तो मरतो. हॅरी जादू न वापरता, स्वतःच्या हातांनी फावडे चालवून त्याची कबर खणतो आणि तो मुक्त होता अशी नोंद दगडावर करतो.

या मरणाने जगभरचे वाचक रडले. २०१० साली आलेल्या चित्रपटात हे दृश्य वेल्समधील पेम्ब्रोकशरच्या फ्रेशवॉटर वेस्ट या समुद्रकिनाऱ्यावर चित्रित झाले. तेव्हापासून तिथे डॉबीची 'समाधी' उभी राहिली. लोक रंगवलेले गोटे ठेवतात, मोजे ठेवतात. हे इतके वाढले की किनाऱ्याची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला लोकांची मते मागवावी लागली, आणि २०२२ साली तिने सांगितले की समाधी तूर्त राहू द्या, पण मोजे आणि रंगवलेले गोटे ठेवू नका. त्याने समुद्रातील जीवांना धोका पोहोचतो.

या मायेची टिंगल करावी असे मला वाटत नाही. वसतिगृहात राहून शिकणारी आपली मुले या कथेत का गुंततात हे मी वर्गात पाहते. जिन्याखालच्या फडताळात झोपवले जाणारे, नातेवाइकांची उतरलेली कापडे घालणारे पोर त्यांना ओळखीचे वाटते. हर्मायनी ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. पण आईबाप जादूगार नाहीत म्हणून तिला घाणेरड्या रक्ताची म्हणून हिणवले जाते. गुणवत्ता सिद्ध करूनही जन्मावरून ऐकून घ्यावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. शुद्ध रक्ताचे, मिश्र रक्ताचे, मगलांच्या पोटचे, त्याखाली गॉब्लिन, आणि सर्वांच्या खाली एल्फ. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले तिची ही उतरंडच आहे. रक्तशुद्धीचा माज हे दुष्टांचे लक्षण आहे असे ही लेखिका ठामपणे सांगते. तिचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. पहिल्या भागात शाळेच्या भव्य दालनात सोन्याची ताटे आपोआप अन्नाने भरतात. वाचकाला ती जादू वाटते आणि तो हरखून जातो. चौथ्या भागात, म्हणजे २००० साली, कळते की त्या दालनाच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे आणि तिथे शंभरावर एल्फ राबत आहेत. या भागावर वर्गात बोलत असताना एका मुलीने विचारले, "मॅडम, मग पहिल्या तीन भागांत ही माणसं कुठं होती?" ती 'माणसं' म्हणाली आणि कुणालाही ते खटकले नाही. माझ्या मते या कादंबऱ्यांवर विचारता येईल असा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. जिला आपण जादू म्हणत होतो ते श्रम होते. वर जेवणाऱ्यांना राबणारे हात दिसत नव्हते, म्हणून ते अन्न अद्‌भुत वाटत होते.

शंभरावर एल्फांपैकी वाचकाचा जीव कुणावर जडतो? एकट्या डॉबीवर. आणि तो कसा आहे? मुक्त झाल्यावर तो काम शोधत फिरतो. मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवारची सुट्टी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ते आठवड्याला एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी इतके खाली आणतो. हा प्रसंग गमतीचा म्हणून लिहिला आहे आणि वाचक हसतो. मजुरी मागणारा एल्फ प्रिय व्हायचा असेल तर त्याने कमी मजुरी मागितली पाहिजे, ही त्या हसण्यातली अट आहे. पुढे तो ज्यांना प्रिय आहे त्यांच्यासाठी मरतो. स्वातंत्र्य मिळाले, पण ते हॅरीसाठी खर्ची पडले. अशा मुक्ताची कुणालाच भीती वाटत नाही. म्हणून त्याच्यावर माया करणे सोपे जाते.

त्याच स्वयंपाकघरात विंकी आहे. तिच्या मालकाने शिक्षा म्हणून हातात कपडे देऊन तिला हाकलले. ती दिवसभर पिते, रडते, मालकाची आठवण काढते. तिच्यासाठी कुणी समाधी बांधली नाही. २००५ च्या चित्रपटातून तर तिला वगळूनच टाकले. अस्पृश्यता ही अप्रत्यक्ष गुलामगिरी आहे आणि म्हणूनच ती अधिक वाईट, कारण आपण गुलाम आहोत याचे भानच ती राहू देत नाही, असे बाबासाहेबांनी मांडले होते. विंकी हे त्या भानहरणाचे चित्र आहे. परंतु कादंबरी तिच्याकडे तसे पाहत नाही. एल्फांना गुलामीच आवडते, याचा पुरावा म्हणून ती तिला पुढे करते.

हर्मायनीला हे सहन होत नाही. ती एल्फांच्या हक्कांसाठी संस्था काढते, दोन सिकलना एक बिल्ला विकते. मित्र तिची चेष्टा करतात आणि लेखिकाही त्या चेष्टेत सामील होते. या संस्थेत एकही एल्फ नाही. पाचव्या भागात ती टोप्या विणून कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना एल्फांनी त्या नकळत उचलाव्या आणि मुक्त व्हावे. एल्फ हा अपमान मानून ती खोली झाडायचेच सोडून देतात आणि सगळे काम एकटा डॉबी उपसतो. ज्याला मुक्त करायचे त्याला न विचारता मुक्त करू पाहणारी ही सुधारकी आपल्याला चांगली परिचयाची आहे. तिच्यावर टीका व्हायलाच हवी. पण पद्धत चुकली म्हणून प्रश्नच खोटा ठरत नाही, आणि कादंबरी नेमके तेच ठरवून मोकळी होते.

आपला इतिहास वेगळे सांगतो. महार वतन म्हणजे जन्माने लादलेली गावकीची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा वतनाची जमीन आणि बलुते हातचे जाईल या धास्तीने आपल्यातलेही अनेकजण वतनाला चिकटून होते. 'त्यांना वतन आवडते' असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला नाही. त्या चिकटण्याच्या मुळाशी असलेली भूक आणि भीती त्यांनी ओळखली, सभा-परिषदांतून लोकांशी ते बोलत राहिले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. गुलामाने गुलामीला चिकटून राहणे हा चर्चेचा शेवट नसतो. तिथून संघटनेच्या कामाला सुरुवात होते. कादंबरीत ही सुरुवात कुणीच करीत नाही.

क्रीचरच्या बाबतीत लेखिका सत्याच्या सर्वांत जवळ जाते. हा म्हातारा, कडवट एल्फ ज्या घरात राबतो तिथे भिंतीवर त्याच्या पूर्वजांची छाटलेली मुंडकी टांगलेली आहेत. तो दगा देतो आणि हॅरीचा धर्मपिता मरतो. तेव्हा डम्बलडोर सांगतात की जादूगारांनी त्याला जसे घडवले तसा तो झाला. सातव्या भागात क्रीचरला प्रथमच कुणी त्याची हकिकत विचारते. एल्फ आपल्या तोंडाने आपले दुःख सांगतो आणि वाचकाचे मन पालटते. हेच आत्मकथनाचे सामर्थ्य आहे. आपल्या साहित्याने ते पुरते ओळखले आहे.

पण पुढे काय होते? हॅरी त्याच्याशी चांगले वागू लागतो, तर क्रीचर घर लख्ख करतो, रुचकर स्वयंपाक करतो. शेवटच्या लढाईत स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन एल्फांना लढायला तोच घेऊन येतो. लढाई जिंकल्यावर दमलेल्या हॅरीच्या मनात येते की आता क्रीचरने एखादे सँडविच आणून दिले तर बरे होईल. कुणीही त्याच्या हातात कपडा देत नाही. हर्मायनीने पुढे सरकारी खात्यात एल्फांसाठी काम केले असे लेखिकेने नंतर वाचकांशी बोलताना सांगितले, पण कादंबरीच्या पानांवर ते नाही. दुष्ट मालकाच्या जागी चांगला मालक येतो, मालकी राहते. हृदयपरिवर्तनाच्या मार्गाने कुठवर जाता येते, हे यापूर्वीही आपण पाहिले आहे.

रससिद्धान्त सांगतो की साधारणीकरणाने भाव व्यक्ती-स्थळ-काळापासून सुटतो, म्हणून काव्यातील शोकाचाही आनंद घेता येतो. दलित समीक्षेचा आक्षेप इथेच होता. दुःख त्याच्या कारणांपासून सोडवले की ते आस्वाद्य होते. आस्वाद संपला की वाचकावर कसली जबाबदारी उरत नाही. 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली. ही पुस्तके वाचून पांढरपेशा वाचक हळहळला. त्या हळहळीत खोटे काही नव्हते. पण तोच वाचक घर भाड्याने देताना आडनाव विचारीत राहिला. पुस्तकातल्या एकावर माया केली की त्याच्या जातभाईंचे देणे फिटले, असा हा हिशेब आहे. डॉबीच्या समाधीवरचा मोजा आणि ही हळहळ यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

मात्र ही माया इथेच थांबते असे नाही. या कादंबऱ्यांच्या काही वाचकांनी अमेरिकेत २००५ साली हॅरी पॉटर अलायन्स नावाची संघटना उभी केली. हॅरीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चॉकलेटचा कोको कुठून येतो, पश्चिम आफ्रिकेतील मळ्यांवर मुलांना राबवून तर तो पिकवलेला नाही ना, असे तिने चित्रपट कंपनीला विचारले. चार वर्षे हा प्रश्न लावून धरला, लाखो सह्या गोळा केल्या. अखेर २०१५ संपेपर्यंत हे चॉकलेट रास्त व्यापाराच्या किंवा तशा प्रमाणपत्राच्या कोकोचेच असेल, असे कंपनीला मान्य करावे लागले. प्रमाणपत्राने शोषण संपत नाही हे खरे. पण या वाचकांनी माझ्या विद्यार्थिनीचाच प्रश्न कादंबरीबाहेर नेला होता. ताट कोण भरते, हे त्यांनी विचारले.

म्हणून पात्रांवर जीव लावू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. ज्याला डॉबीसाठी रडू येत नाही त्याला गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या बातमीने काय वाटणार? १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही हे मरण थांबलेले नाही. परंतु आपल्या मायेला तीन प्रश्न विचारायला शिका, असे मी त्यांना सांगते. हा एकच मला का आवडला? तो कुणाच्या कामी आला म्हणून आवडला? आणि त्याच्या मागे स्वयंपाकघरात जे उभे आहेत त्यांची नावे मला ठाऊक आहेत का? हे प्रश्न ज्या मायेला पेलतात ती डॉबीवर थांबत नाही, विंकीपर्यंतही जाते. जिला पेलत नाहीत, ती वरच्या दालनात बसून भरल्या ताटाचे कौतुक करीत राहते.