नोंद म्हणजे निर्वाळा नव्हे

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही शोधसूची १९९७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. तिचे बळ विषयशब्दांच्या शिस्तीत आहे: ‘हार्ट अटॅक’ एवढेच इंग्रजीत लिहिले, तरी ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’ या शास्त्रीय नावाखालचे लेखही सापडतात. उणीव अशी, की सारांश वाचायला मिळतो. पूर्ण लेख पुष्कळदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. त्याहून मोठा दोष आपल्या वापरात आहे. सूचीत नोंद आहे म्हणजे निष्कर्ष खरा, असे आपण धरून चालतो. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. तो आजही सूचीत सापडतो, मात्र मागे घेतल्याच्या शेऱ्यासह. विद्यार्थ्यांना लेख शोधायला शिकवताना तो शेरा पाहायलाही शिकवावे.